पगाराला हात सैल, अवजाराला आखडता

31 ऑगस्ट 2021 रोजी अमेरिकेतील डॉकर कंपनीने जाहीर केले, की प्रोग्रामरांच्या नित्य वापरातील 'डॉकर डेस्कटॉप' हे तिचे अवजार मोठ्या कंपन्यांस यापुढे फुकट मिळणार नाही. दर तो किती? माणशी महिना 5 डॉलरपासून पुढे! तेथील प्रोग्रामरचा एका तासाचा पगारही याहून कितीतरी अधिक. तरीही अनेक कंपन्यांत फुकट पर्यायांची शोधाशोध सुरू झाली.

याला नुसता कंजूषपणा म्हणून भागणार नाही. पगार हा मंजूर खर्च. अवजाराचे बिल मात्र नवे, आणि त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने ते अवजार कधी हाती धरलेले नसते. गेलेला डॉलर तत्काळ खर्ची पडतो, वाचलेला तास कोणत्याच खातेवहीत जमा होत नाही. त्यात 1987 पासून जीसीसी आणि 2015 पासून व्हिज्युअल स्टुडिओ कोड विनामूल्य मिळाल्याने अवजारालाही मोल असते, हेच विस्मरणात गेले. (1983 साली टर्बो पास्कल लोक 49.95 डॉलर मोजून घेत, आणि स्वस्त म्हणून घेत!)

आमचे म्हणणे इतकेच, की प्रत्येक तुकडीच्या प्रमुखास अवजारांपुरती ठराविक रक्कम स्वतःच्या अधिकारात खर्चू द्यावी. वर्षअखेर हिशेब जरूर मागावा. पण तो डॉलरांबरोबर तासांचाही मागावा.