गुडघे, खड्डे आणि चार मीटरची गाडी

गेल्या महिन्यात निडीला आमच्या अंगणात एक लालभडक गाडी येऊन उभी राहिली. निडी म्हणजे दिवा-रोहा मार्गावर नागोठणे सोडल्यानंतर आणि रोहा येण्याआधी लागणारे चिमुकले स्टेशन. इथे कुणाच्या अंगणात काय आले, हे गावाला सांगावे लागत नाही. दहा मिनिटांत कुंपणापाशी आठ-दहा माणसे जमली. गाडी विकत घेतलेली नव्हती. पनवेलला राहणाऱ्या माझ्या पुतण्याने ती चालवून पाहण्यासाठी आणली होती आणि सोबत टाय लावलेला विक्रेता तरुण होता. छत कसे उघडते, पडद्यावर नकाशा कसा दिसतो, आरशात न पाहता गाडी मागे कशी घेता येते, हे तो उत्साहाने सांगत होता.

एवढ्यात माझ्या वहिनी ओटीवरून उतरल्या. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यांनी मागचे दार उघडले, सरळ सीटवर टेकल्या, पाय आत घेतले आणि मला म्हणाल्या, "भावोजी, हिच्यात बसताना कुणाचा हात धरावा लागत नाही हो."

त्या तरुणाच्या माहितीपत्रकात हे वाक्य कुठेच नव्हते. पण या 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' नावाच्या गाडीचे खरे गिऱ्हाईक कोण, याचे उत्तर त्या एका वाक्यात होते.

जाहिरातीत या गाड्या नेहमी डोंगरमाथ्यावर उभ्या असतात. चिखल उडवत नदी ओलांडणारा पंचविशीतला तरुण, शेजारी केस भुरभुरणारी तरुणी. प्रत्यक्षात थार, जिम्नी असे मोजके अपवाद सोडले, तर या लहान गाड्यांत इंजिनची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. म्हणजे रूप जीपचे आणि पोटात साधी मोटार! यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. कारण घेणाऱ्याला डोंगर चढायचाच नसतो. त्याला आईला दवाखान्यात न्यायचे असते, गौरी-गणपतीला गावी यायचे असते आणि वाटेत गाडीचे पोट खड्ड्याला घासू द्यायचे नसते.

आता ही गाडी एवढीच लांब का, हेही समजून घेण्याजोगे आहे. ती लांबी कुणा कारागिराने नव्हे, तर अर्थसंकल्पाने ठरवली. २००६ साली केंद्र सरकारने लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. अट अशी की, लांबी चार मीटरपेक्षा जास्त नको. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून चार मीटर ही जणू लक्ष्मणरेषा झाली. २००९ मध्ये चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने, आपल्या 'पद्मिनी'वाल्या प्रीमियरने, 'रिओ' नावाची या मापातली गाडी काढली. ती फारशी चालली नाही. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि हे माप घरोघरी पोचले. मग २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०२१ मध्ये पंच. रायगडच्या रस्त्यांवर मुरलेल्या बोलेरोलाही २०१६ मध्ये अंग चोरून या रेषेत यावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही रेषा तीच राहिली. तिच्या आत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के.

या मापाने बाजार किती बदलला पाहा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४२ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांत २५ लाखांवर अशा उंच बांध्याची लहान-मोठी वाहने होती. २०२४ मध्ये तर पंच ही देशात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली आणि चार दशकांचा मारुतीचा मान पुण्याजवळ तयार होणाऱ्या या ठेंगण्या-ठुसक्या गाडीने हिरावला.

हे केवळ फॅशनमुळे झाले असे मला वाटत नाही. आमच्याच भागाचे उदाहरण घ्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या वर्षी पुतण्याला मुलगी झाली. ती चालायला लागली, शाळेत गेली, चौथी पास झाली, तरी पेण ते नागोठणे या टप्प्यात तिच्या पोटातले पाणी हलायचे थांबले नव्हते. अशा रस्त्यावर जमिनीपासून १८०-२०० मिलिमीटर उंच असलेली गाडी ही चैन राहत नाही. सार्वजनिक दुरवस्थेवर प्रत्येक कुटुंबाने आपापल्या खिशातून केलेला तो इलाज असतो. खड्डा सरकारी, उपाय खासगी आणि त्या उपायावरचा कर पुन्हा सरकारी.

सायंकाळी पुतण्याने मला ओटीवर गाठले. "काका, तुम्ही इतकी वर्षं बँकेत कर्जं दिलीत. खरं सांगा, घेऊ का?"

मी कागद-पेन्सिल मागवली. समजा, आठ लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के. सात वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १२,८७० रुपये आणि एकूण व्याज दोन लाख ८१ हजारांच्या घरात. पाच वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १६,६०० आणि व्याज एक लाख ९६ हजार. लांब मुदतीचा हप्ता गोड लागतो, पण त्या गोडीची किंमत ८५ हजार. शिवाय हा कामाला कंपनीच्या बसने जातो; गाडी लागणार ती महिन्यातून दोनदा निडीला यायला. म्हणजे पेट्रोल टाकण्याआधीच दर फेरीला सहा हजारांवर खर्च. तेवढ्यात भाड्याची गाडी येऊन, जेवून परत जाईल. आणि सुरुवातीच्या रकमेसाठी बापाची मुदत ठेव मोडायचा त्याचा बेत होता! धाटावच्या कारखान्यात उभे आयुष्य काढून माझ्या भावाने जमवलेली ती एवढीच पुंजी.

माझे गणित चोख होते. पुतण्या खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, गेल्या पावसात बाबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. वाहन मिळायला सव्वा तास लागला. त्या रात्रीचा हिशेब कोणत्या रकान्यात धरायचा?"

बँकेतल्या नोकरीत शेकडो अर्ज मी तपासले. 'कर्जाचे प्रयोजन' या रकान्यात लोक 'वैयक्तिक वापर' असे दोन शब्द लिहीत. त्या दोन शब्दांमागे अशी एखादी रात्र असू शकते, हे मी कधी विचारले नव्हते.

तरीही काही गोष्टी मी त्याला सांगितल्या. पहिली, उंची ही उंचीच असते, ती होडी नव्हे. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने नागोठण्यात काय केले, ते आमच्या पिढीने पाहिले आहे. पाणी वाहत्या रस्त्यावर उंच गाडी माणसाला खोटे धैर्य देते, तेव्हा मागे फिरायचे. दुसरी, उघडणारे छत, मोठा पडदा यांसाठी वरचे मॉडेल घेऊ नकोस. वहिनींना हवी असलेली उंची सगळ्यात स्वस्त मॉडेललाही तेवढीच असते. अपघात-चाचणीतले तारे मात्र बघ. तिसरी, चार मीटरची काटकसर कुठे होते, ते मागे तिघे बसले की खांद्यांना कळते आणि तांदळाचे पोते नि दोन फणस ठेवले की डिकीला. आणि शेवटची, ठेवीला हात लावायचा नाही. लहान गाडी घे, कर्ज कमी घे, पाच वर्षांत फेड.

एक गोष्ट मात्र त्याला सांगून उपयोग नव्हता, म्हणून इथे लिहितो. वहिनींना मोटार हवी नव्हती. त्यांना कुणाचा हात न धरता बसता-उतरता येईल असे वाहन हवे होते. एसटीची पहिली पायरी जरा खाली असती आणि रात्री-अपरात्री रुग्णवाहिका वेळेवर दाराशी आली असती, तर आमच्या घरातले निम्मे कर्ज टळले असते. पण रुग्णवाहिकेसाठी कर्जाचा अर्ज करता येत नाही, मोटारीसाठी येतो.

पुतण्याने अखेर साधे मॉडेल नोंदवले. ठेव जागेवर आहे. गणपतीची मूर्ती पेणहून याच गाडीतून आणायची, असे वहिनींनी आत्ताच जाहीर केले आहे. गाडीत जागा पाच, घरची माणसे सहा, शिवाय मांडीवर बाप्पा.

तेव्हा मी दिवा-रोह्याने येईन, असे कळवून टाकले आहे.