शेण बाईचे, धन कोणाचे?

अरुण जेटली यांनी 2018 च्या अर्थसंकल्पात ‘गोबरधन’ योजना जाहीर केली. 2023 मध्ये निर्मला सीतारामन यांनी तिच्याअंतर्गत 500 नव्या प्रकल्पांची आणि 10 हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा केली. शेण हे धन आहे, हे आता सरकारदरबारी मान्य झाले आहे. ते धन कोणाचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे.

दिल्लीची वेस ओलांडून हरियाणात शिरले, की गोवऱ्या रचून वरून शेणाने लिंपलेले ‘बिटौडे’ दिसू लागतात. गोठा झाडणे, शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहणे, गोवऱ्या थापणे ही सारी कामे बायकांचीच. परंतु ज्या जागेवर उकिरडा असतो, ती एक तर घरातल्या पुरुषाच्या नावावर असते किंवा गावाच्या सामायिक मालकीची. खतखड्डा कोठे खणावा, हे ठरविण्याचा अधिकार पाटी वाहणारीला नसतो.

घरगुती सयंत्राचा हिशेबही तिला अनुकूल नाही. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे 50 किलो शेण आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. एक-दोन म्हशींवर संसार चालविणारी बाई येथेच बाद होते. जिच्या गोठ्यात पुरेशी जनावरे आहेत, तिच्या वाट्याला पाण्याच्या वाढीव खेपा येतात.

योजनेत स्त्रियांना मज्जाव नाही, असे उत्तर मंत्रालयातून मिळेल. कागदावर ते खरेही आहे. पण अडचण कागदाचीच आहे. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम 14 टक्के होते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, तरी सासरच्या गोठ्याखालची जमीन त्याने तिची होत नाही. सातबारा नसलेल्या स्त्रीलाही ‘शेतकरी’ असल्याचा दाखला ग्रामसभेच्या मान्यतेने मिळावा, यासाठी एम. एस. स्वामिनाथन यांनी 2012 मध्ये राज्यसभेत खासगी विधेयक मांडले होते. 2013 मध्ये त्यांची मुदत संपली आणि विधेयकही व्यपगत झाले. त्या विधेयकाची आठवण आज ना सत्ताधाऱ्यांना आहे, ना विरोधकांना.

स्वच्छ भारत मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात सामुदायिक सयंत्रांसाठी जिल्ह्यामागे 50 लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. असे सयंत्र उभे राहिले, की शेणाला मोल येते, आणि मोल आले की व्यवहार पुरुषाच्या हाती जातो. छत्तीसगडने 2020 मध्ये दोन रुपये किलोने शेण खरेदी सुरू करताना खतनिर्मिती महिला बचतगटांकडे सोपविली होती. त्या योजनेच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील; पण काम करणारीला व्यवहारात स्थान देण्याचे तत्त्व तिने मान्य केले होते.

उकिरड्याच्या जागेचा वापरहक्क बचतगटाच्या नावे नोंदविणे आणि शेणाचे पैसे थेट बाईच्या खात्यात जमा करणे, याला नव्या कायद्याची गरज नाही. शासननिर्णय पुरेसा आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. ती फिटताना तो राखणारी मागे राहू नये, एवढी दक्षता धोरणकर्त्यांनी घ्यायला हवी.