वकिलातीची पायरी



'वकील' म्हटले की आज आपल्याला कोर्टातला काळा डगला आठवतो. जुन्या मराठीत मात्र वकील म्हणजे एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या दरबारी ठेवलेला माणूस. 'वकिलात' हा शब्द त्यावरूनच आला. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा असा माणूस १७८६ पासून होता. संगमावर त्याची कोठी होती. त्याला इंग्रज 'रेसिडेंट' म्हणत. शेवटचा रेसिडेंट एल्फिन्स्टन. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी त्याची कोठी जाळली गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ला, भीमा-कोरेगावला काय घडले ते आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

इंग्रजांनी या वकिलांच्या हुद्द्यांचीही उतरंड लावून ठेवली होती. ज्यांना आज ना उद्या अंकित करायचे त्यांच्याकडे रेसिडेंट. ज्यांच्याशी व्यापार करायचा त्यांच्याकडे कॉन्सुल. ज्यांना राष्ट्र म्हणून मानायचे, पण आपल्या पंक्तीला बसवायचे नाही, त्यांच्याकडे 'मिनिस्टर'. आणि पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन अशा बरोबरीच्या दरबारांत तेवढा 'ऍम्बॅसडर', म्हणजे पुरा राजदूत. माणसामाणसांत पायऱ्या कशा पाडतात हे आपल्याला शिकवावे लागत नाही. देशादेशांतही त्या पाडल्या जातात. जपानसारख्या बेटांच्या देशाला ही उतरंड चढायला सेहेचाळीस वर्षे लागली.

जपानने दोनशे वर्षांहून अधिक काळ परक्यांना दार जवळजवळ बंद ठेवले होते. पुढे अमेरिकेची आणि युरोपची लढाऊ जहाजे बंदरात आली आणि ते उघडावे लागले. १८५८ साली इंग्रजांशी तह झाला. १८५९ मध्ये रदरफर्ड अल्कॉक हा पहिला इंग्रज प्रतिनिधी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, पोहोचला. हा मूळचा लष्करी सर्जन. आजाराने हात निकामी झाले म्हणून शस्त्रक्रिया सोडून सरकारी वकिलातीच्या नोकरीत आलेला. त्याला राहायला जागा मिळाली ती तोझेन-जी नावाच्या बुद्धविहारात. तथागताच्या विहारात साम्राज्याची कचेरी! भिक्खूंना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

विहार असला तरी तिथे शांतता लाभली नाही. अल्कॉकचा दुभाषी देनकिची हा जपानी खलाशी होता. त्याचे गलबत वादळात भरकटले, तो परदेशी जहाजाच्या हाती लागला, इंग्रजी शिकला आणि वकिलातीचा नोकर होऊन मायदेशी परतला. १८६०च्या जानेवारीत विहाराच्या दारातच त्याला भोसकून मारले. पुढच्या वर्षी, जुलै १८६१ मध्ये, तलवारी घेतलेल्या सामुराईंनी रात्री विहारावरच हल्ला केला. अल्कॉक वाचला. त्याने जपानवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव इतिहासात राहिले. देनकिचीचा फक्त थडग्याचा दगड आहे. मोठ्यांच्या वकिलातीत पहिला मार कोणाला बसतो, हे त्या दगडावरून समजते.

त्या तहातली सर्वांत जाचक गोष्ट न्यायाची होती. जपानच्या भूमीवर इंग्रजाने गुन्हा केला तरी त्याचा निवाडा जपानी न्यायाधीशाने करायचा नाही, इंग्रज कॉन्सुलने करायचा. याचे फळ २४ ऑक्टोबर १८८६ला दिसले. 'नॉर्मंटन' नावाचे इंग्रज जहाज जपानच्या किनाऱ्याजवळ फुटले. कप्तान ड्रेक आणि गोरे खलाशी होड्यांत बसून सुटले. जहाजावर पंचवीस जपानी उतारू होते, त्यांतला एकही जिवंत राहिला नाही. बुडालेल्यांत हिंदी खलाशीही होते. कोबेच्या इंग्रज कॉन्सुलच्या चौकशीत कप्तान निर्दोष ठरला. जपानभर संतापाची लाट उठली, तेव्हा योकोहामाला पुन्हा खटला झाला आणि शिक्षा झाली तीन महिन्यांची. जपानी मेले त्यांच्यासाठी निदान त्यांचे राष्ट्र ओरडले. आपल्या खलाशांच्या वतीने कोण ओरडणार होते?

हे कॉन्सुली न्यायालय बंद करण्याचा करार १८९४ साली झाला आणि १८९९ मध्ये तो अमलात आला. त्या वेळी तोक्योला अर्नेस्ट सॅटो हा इंग्रज मिनिस्टर होता. एकोणीस वर्षांचा असताना, १८६२ मध्ये, तो दुभाष्याच्या उमेदवारीवर जपानला आला आणि जपानी भाषा पंडितासारखी शिकला. तिथल्या ताकेदा काने या स्त्रीशी त्याने संसार केला, दोन मुलगे झाले. पण कायद्याने लग्न लावले नाही. धाकटा मुलगा पुढे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, तो आईचे आडनाव लावून. इतकी भाषा येऊनही घरातल्या बाईला कायद्याची पत्नी करता आले नाही, याचे आपल्या भगिनींना नवल वाटणार नाही.

१९०२ मध्ये इंग्लंड-जपानचा दोस्तीचा तह झाला. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले. आणि त्याच वर्षी तोक्योतल्या इंग्रज मिनिस्टरचा हुद्दा वाढून तो ऍम्बॅसडर झाला. क्लॉड मॅक्डोनाल्ड हा तो पहिला राजदूत. माणूस तोच, कचेरी तीच. जपानने तोफा दाखवल्या तेव्हा पाटी बदलली.

तरीही पंगत एक झाली नाही. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या परिषदेत जपानने मागणी केली की राष्ट्रसंघाच्या करारात सर्व राष्ट्रांच्या समानतेचे कलम घालावे. ११ एप्रिल १९१९ला सतरापैकी अकरा मते बाजूने पडली. अध्यक्ष विल्सन यांनी एकमत नाही म्हणून ते कलम नापास केले. विरोध करणाऱ्यांत इंग्रज प्रतिनिधी होते.

त्याच वर्षी जपानसाठी नव्या राजदूताची नेमणूक झाली, सर चार्ल्स एलियट. हा नमुना मात्र वेगळा. अनेक भाषा जाणणारा, आणि बौद्ध धम्माचा गाढा अभ्यासक. त्याचा हिंदू आणि बौद्ध धर्मांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १९२१ साली निघाला, तेव्हा तो तोक्योत राजदूतच होता. दिवसा तहाची बोलणी आणि फावल्या वेळात सूत्रांचा अभ्यास. आपल्याला अशा माणसाचे कौतुक वाटणे साहजिक आहे. पण हाच एलियट त्याआधी पूर्व आफ्रिकेत इंग्रजांचा कमिशनर होता आणि आजच्या केनियातल्या सुपीक पठारावर गोऱ्यांची वसाहत करण्याचा पुरस्कार त्यानेच केला होता. ज्यांची गुरे त्या माळावर चरत होती त्यांच्या हक्काची त्याला फारशी फिकीर नव्हती. धम्मावर तीन खंड लिहिता येतात आणि तरीही समता अंगी लागत नाही. आपल्याकडचे काही विद्वान आठवून पाहा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती राजदूताच्या दिवाणखान्याबाहेरची. जपानातही अस्पृश्य होते. मेलेली गुरे ओढणे, कातडे कमावणे ही कामे करणाऱ्या लोकांना 'एता' म्हणत. त्या शब्दाच्या अक्षरांचा अर्थच 'पुष्कळ घाण' असा होतो. वस्ती वेगळी, लग्ने वेगळी. इंग्रज वकिलातीतल्या निदान एका माणसाने त्यांच्याकडे पाहिले होते. मिटफर्ड नावाच्या सेक्रेटरीने १८७१ साली छापलेल्या पुस्तकात एका एता मुलीची आणि सामुराईची प्रेमकथा दिली आहे आणि या लोकांच्या जगण्याची माहितीही. त्याच साली, १२ ऑक्टोबरला, जपान सरकारने हुकूम काढून एता हे नावच रद्द केले. कागदावर सगळे सारखे झाले. पण शेजाऱ्यांनी त्यांना 'नवे सामान्यजन' असे नवे नाव लावले आणि जुना हिशेब चालूच राहिला.

पन्नास वर्षे वाट पाहून ३ मार्च १९२२ला हे लोक क्योतोला जमले आणि त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना काढली. नावाचा अर्थ मोठा सुंदर आहे. सुई म्हणजे पाणी, हेई म्हणजे सपाट. आपला गवंडी भिंतीचा थर सरळ आहे की नाही ते पाहायला पाणसळ लावतो ना, तसली ही पाणसळवाल्यांची संघटना! सभेत सोळा वर्षांच्या एका मुलाने शाळेत होणारा अपमान सांगितला. त्यांचा झेंडा काळा, त्यावर रक्ताच्या रंगाचा काट्यांचा मुकुट. जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा त्याच समाजाच्या बौद्ध विहारात जन्मलेला तरुण. संघटनेने होंगान-जी या बड्या बौद्ध पीठांनाही जाब विचारला, कारण त्यांच्या विहारांतही वेगळेपणा पाळला जात होता. बुद्धाचे नाव घेणाऱ्यांनी पाळलेली अस्पृश्यता! त्या वेळी परमपूज्य बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. महाडचे पाणी पेटायला अजून पाच वर्षे होती.

राजदूतपद सुटल्यावर एलियट नारा येथे राहिला आणि जपानी बौद्ध धम्मावर ग्रंथ लिहू लागला. साइको मानकिचीचे गाव त्याच नारा प्रांतात आहे. एक म्हातारा साहेब प्राचीन विहारांच्या सावलीत पोथ्या चाळत होता आणि काही कोसांवर तरुण मुले पाणसळ घेऊन उभी होती. १९३१ साली मायदेशी जाताना एलियट जहाजावरच वारला. त्याचा ग्रंथ १९३५ मध्ये छापला गेला.

पुढे १९४१ साली युद्ध पेटले, राजदूत क्रेगी आपल्याच वकिलातीत कैद झाला, मग १९५२ला संबंध पुन्हा जुळले. २०२१ मध्ये ज्यूलिया लाँगबॉटम या पहिल्या स्त्री राजदूत तोक्योला आल्या. सुइहेइशाच्या लोकांची गाडी याहून हळू गेली. १९७५ साली उघडकीस आले की त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांची गुप्त पुस्तके कंपन्या विकत घेत होत्या, नोकरी मागायला आलेला मुलगा कोणत्या मोहल्ल्यातला ते ताडून पाहायला. भेदभाव संपवण्यासाठीचा स्वतंत्र कायदा जपानने केला तो २०१६ साली. त्याच वर्षी सुइहेइशाची आणि कोरियातल्या खाटीक समाजाच्या संघटनेची परस्परमैत्रीची कागदपत्रे युनेस्कोच्या आशियाई स्मृतिसंग्रहात नोंदली गेली. मूळ कागद साइकोच्या गावच्या संग्रहालयात आहेत.