व्हॉल्व्हचा रेडिओ शोभेसाठी नव्हे, बोलण्यासाठी जपावा

#थ्रेड

१/ खारदांड्याच्या कोळीवाड्यातील एका घरी गेल्या पावसाळ्यात एक जुना रेडिओ पाहण्यास बोलावणे आले. लाकडी पेटी, काचेची डायल, वर भरतकाम केलेले आच्छादन. घरातील तरुण नातू म्हणाला, “काका, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देता का? दिसायला मात्र असाच राहू दे.” हा थ्रेड त्याच प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

२/ माझे मत आरंभीच सांगतो. पोट रिकामे केलेला रेडिओ हा जतन केलेला रेडिओ नव्हे. जुना संच जपायचा असेल, तर त्याचे मूळ मंडल दुरुस्त करून तो बोलता ठेवावा. ते शक्य नसेल, तर आहे तसा बंद ठेवावा. तिसरा मार्ग सोयीचा आहे. पण त्यातून परत येता येत नाही.

३/ प्रथम थोडा इतिहास. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि जून १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. या साऱ्या काळात बोलणारे यंत्र आणि पुष्कळशी ऐकणारी यंत्रे व्हॉल्व्हवर चालत होती.

४/ व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दोन-अडीचशे व्होल्ट दाब असलेल्या प्लेटकडे धावतात. मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्या प्रवाहाला कमीजास्त करते. दुबळा संकेत बळकट होतो तो असा. बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नसे. “थांब, रेडिओ तापू दे,” हे वाक्य ज्या घरांत उच्चारले गेले, त्या घरांत हे भौतिकशास्त्र नकळत शिकले गेले.

५/ याच नळ्यांनी इतिहासही घडवला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. पोलिसांना चुकवीत जागा बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. १२ नोव्हेंबरला धाड पडली. त्या लहरी ज्यांनी कान देऊन पकडल्या, त्यांच्या पेटीतही तापलेले व्हॉल्व्हच होते.

६/ आणखी एक तारीख. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला आणि वर्षभर आठवड्याला एक गीत याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. अमेरिकेत खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. म्हणजे मराठी घरांनी गीतरामायण प्रथम ऐकले ते व्हॉल्व्हच्या संचांवर. तो गोलसर, किंचित जड आवाज आपल्या सांस्कृतिक स्मृतीचा भाग आहे.

७/ हे संच केवळ विलायतेतून येत नव्हते. नॅशनल एको मुंबईची, मर्फीचा कारखाना ठाण्यात. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हही बनवले. घरात रेडिओ ठेवण्यास परवाना लागे; दरवर्षी टपाल कचेरीत शुल्क भरून पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. ती सक्ती ऐंशीच्या दशकात गेली. पेटीबरोबर अशी पुस्तिका सापडली, तर कृपया रद्दीत टाकू नका.

८/ आता खारदांड्याकडे. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत बारमाही मीठ. अशा हवेत रेडिओचा खरा शत्रू वय नसून ओल आहे. मेण लावलेल्या कागदाचे जुने कंडेन्सर ओल शोषतात आणि आतल्या आत वीज गळू देतात. कॉइलची केसासारखी तार हिरवट कळंक चढून तुटते. बँड बदलण्याच्या स्विचचे संपर्क काळे पडतात. व्हॉल्व्ह मात्र बहुधा शाबूत निघतात. लोक प्रथम त्यांनाच दोष देतात, हा उलटा न्याय.

९/ म्हणून पहिला नियम : माळ्यावरून काढलेला संच थेट प्लगात घालू नये. ही चूक माझ्या हातून घडली आहे. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला एक कंडेन्सर गळका होता. त्यामुळे ग्रिडवर धन दाब आला, व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहिला आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. चाळीस वर्षे टिकलेली वस्तू माझ्या दोन मिनिटांच्या उतावीळपणाने गेली. तो वास अजून नाकात आहे.

१०/ योग्य क्रम असा. आधी उघडून झाडपूस आणि तारांची तपासणी. मग कागदी कंडेन्सर बदलणे. त्यानंतर सीरीजमध्ये बल्ब जोडून वीज देणे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. दुसरी सावधगिरी जिवाची आहे. एसी-डीसी प्रकारच्या संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसी थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. घुंडी निघालेल्या दांड्याला बोट लागले तरी धक्का बसतो. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार उरतो. जाणकार सोबत नसेल, तर मागचा पुठ्ठा उघडू नये.

११/ “कंडेन्सर बदलले, मग मूळपण कुठे राहिले?” हा आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर : झिजणारा भाग बदलणे म्हणजे होडीची कुजलेली फळी बदलणे. होडी तीच राहते, कारण ती पाण्यात जाते. मात्र काढलेले भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवावेत आणि काय बदलले, केव्हा बदलले, याची चिठ्ठी आत चिकटवावी. पुढच्या कारागिराचा तो हक्क आहे.

१२/ ब्लूटूथच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. मुंबईत ऐकायचे तरी काय? एफएम या संचांवर लागत नाही. आकाशवाणीने देशभरातील मध्यम लहरींची अनेक जुनी प्रक्षेपण केंद्रे बंद केली आहेत. जे उरले आहे, त्यात शेजारच्या चार्जरची आणि एलईडी दिव्यांची खरखर मिसळते. ही अडचण खरी आहे. पण बाहेरून एक तार जोडून मोबाइलचा आवाज याच व्हॉल्व्हमधून काढता येतो, तोही एकही मूळ भाग न काढता. अनेक संचांना मागे ग्रामोफोनसाठी जोडणी असतेच.

१३/ सुटे भाग ही दुसरी चिंता. गिटारच्या अँप्लिफायरांमुळे काही व्हॉल्व्ह आजही परदेशांत तयार होतात. पण लहर पकडणारे ईसीएच ८१ सारखे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातूनच मिळवावे लागतात. लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार धुंडाळावा लागतो. रिकामी केलेली प्रत्येक पेटी पाहताना माझ्या मनात एकच विचार येतो : आतले व्हॉल्व्ह भंगारात गेले असतील का? निदान तेवढे तरी वाचवा.

१४/ खारदांड्याचा तो संच तीन रविवार चालला. सात कंडेन्सर, डायलची दोरी, एक तुटलेली कॉइल. शेवटी जाळीची एरियल भिंतीवर ताणली. डायल उजळली, अर्धा मिनिट शांतता, मग खरखर, आणि त्या खरखरीतून मराठी निवेदन. आतून आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आवाज बारीक कर रे, शेजारी झोपलेत.” पन्नास वर्षांपूर्वीही बहुधा हेच म्हणाल्या असतील. नातवाने ब्लूटूथचा विषय पुन्हा काढला नाही.

१५/ तुमच्या घरच्या माळ्यावर असा संच असेल, तर पेटीचे छायाचित्र आणि मागच्या पुठ्ठ्यावरचा मॉडेल क्रमांक खाली लिहा. प्लग मात्र तूर्त लावू नका.

(समाप्त)