शिक्षा झाली, पण नऊ वर्षं का लागली? बिद्रे प्रकरणात लोकांचा खरा सवाल

कोल्हापूर : सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांच्या खून प्रकरणात बडतर्फ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला पनवेलच्या सत्र न्यायालयाने सोमवारी (ता. २१ एप्रिल २०२५) जन्मठेप सुनावली. अश्विनी हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावच्या, तर कुरुंदकर आजऱ्याचा. मारणारा आणि मेलेली दोघंही खात्यातली, दोघंही याच जिल्ह्यातली. त्यामुळे निकालाची चर्चा गावागावांत पारावर, दूध डेअरीवर सुरू झाली नसती तरच नवल.

या चर्चेत तीन प्रकारची माणसं दिसतात. काही म्हणतात, उशिरा का होईना न्याय झाला. काहींना वाटतं, प्रेताचे तुकडे करून खाडीत टाकणाऱ्याला फाशीच पाहिजे होती. तिसरे मात्र वेगळंच विचारतात. पोलीस बाईच्या घरच्यांना नऊ वर्षं हेलपाटे घालावे लागले, तर आपल्यासारख्याचं काय?

यातला तिसरा सवाल सगळ्यात जड आहे.

घडलं काय?

अश्विनी ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता होत्या. जुलै २०१६ मध्ये भावाने नवी मुंबईत कळंबोली पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ती दाखल झाली 'मिसिंग' म्हणून. अपहरणाचा गुन्हा नोंदवायला जानेवारी २०१७ चा शेवट उजाडला. मधल्या काळात कुटुंबाला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. कुरुंदकरला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये.

लोकांना सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट याच काळातली. २०१७ च्या प्रजासत्ताक दिनाला कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. तेव्हा अश्विनींचा खून होऊन नऊ महिने उलटले होते. घरचे लोक संशय घेऊन दारोदार फिरत होते आणि ज्याच्यावर संशय, त्याच्या छातीवर पदक लागत होतं. निकाल देताना न्यायालयानेही या पदकावरून ताशेरे ओढले.

मृतदेह शेवटपर्यंत सापडला नाही. तरी खून सिद्ध झाला तो मोबाईलचं लोकेशन, चॅट आणि परिस्थितीजन्य पुराव्यावर. हा तपास पुढे नेणाऱ्या अधिकारी संगीता अल्फान्सो यासुद्धा पोलीसच. म्हणजे खातं सगळंच सडलंय असं म्हणता येत नाही. पण चांगला अधिकारी मिळेपर्यंत घरच्यांनी टिकून राहायचं कसं, हा सवाल राहतोच.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं?

'१४ वर्षांनी सुटेल की' असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. कायद्यात जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारला शिक्षेत सूट देता येते, पण खुनासारख्या गुन्ह्यात १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येत नाही. १४ वर्षं झाली की सुटका आपोआप होते, असं नाही. सरकारने तसा निर्णय घ्यावा लागतो.

फाशी फक्त विरळातल्या विरळ प्रकरणात द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवून दिलंय. शिवाय ही लढाई अजून संपलेली नाही. कुरुंदकरला उच्च न्यायालयात अपिलाचा रस्ता मोकळा आहे. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनी आतच भोगून झालीय. एक आरोपी निर्दोष सुटला.

उशीर ही काही नवी गोष्ट नाही

मुंबईतल्या लखनभैया बनावट चकमकीचंही असंच झालं. चकमक नोव्हेंबर २००६ ची. खालच्या कोर्टाने २०१३ मध्ये प्रदीप शर्माला सोडलं आणि उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप दिली. मधे १७ वर्षं गेली. तिथे मृताचा भाऊ स्वतः वकील होता, इथे अश्विनींचं कुटुंब मागे हटलं नाही. दोन्हीकडे घरचे चिवट होते म्हणून प्रकरण टिकलं. ज्याच्याकडे वकील नाही, एसटीला पैसे नाहीत, पेरणी सोडून तारखेला जाता येत नाही, त्याची फाईल कुठे पडून राहते हे कुणी मोजत नाही.

म्हणून एका माणसाला शिक्षा झाली की पाणी मुरलेली जागा बुजली, असं होत नाही. जुलै ते जानेवारी गुन्हा का नोंदवला गेला नाही आणि पदकाच्या यादीवर सही करताना कुणी काय तपासलं, याचा हिशेब खात्याने द्यायला पाहिजे. तो दिला तरच निकालाचा धाक दुसऱ्या ठाण्यापर्यंत पोचेल.

ठाण्यात दाद मिळाली नाही तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही हे हक्क आहेत :

- गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण चालत नाही.
- एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी.
- ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवावी. पोस्टाने पाठवली तरी चालते. पोचपावती जपून ठेवावी.
- तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मोठं माणूस बेपत्ता झालं तर बहुतेक वेळा आधी नुसती 'मिसिंग'ची नोंद होते. घातपाताचा संशय असेल तर तो तोंडी सांगून थांबू नये. कुणावर आणि का, हे तक्रारीत लिहूनच द्यावं. फोनवरचे शेवटचे मेसेज पुसू नयेत. बिद्रे प्रकरणात मोबाईलनेच साक्ष दिली.

आळत्याच्या लेकीला खाकीतल्याच माणसाने संपवलं आणि तिच्या घरच्यांना नऊ वर्षं झगडावं लागलं. पुढच्या वेळी एखादा बाप लेक हरवल्याची तक्रार घेऊन ठाण्यात जाईल, तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी खुर्ची मिळते का, यावरच लोक या निकालाची किंमत ठरवतील.