भिंगाचे म्हणून जे जनुक

अमक्याचे जनुक सापडले, अशी बातमी अधूनमधून येतेच. कधी लठ्ठपणाचे, कधी हुशारीचे, कधी तापटपणाचे. एक अवयव, एक गुण, एक जनुक असा हिशेब ज्यांना पटतो, त्यांनी कोंबडीच्या डोळ्यातले भिंग एकदा विचारात घ्यावे.

कोंबडीच्या पिल्लाचे भिंग मुख्यतः डेल्टा क्रिस्टलिन या प्रथिनाने भरलेले असते. उंदराच्या भिंगात ते नसतेच. जपानमध्ये हिसातो कोंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली कोंबडीचे हे जनुक उंदराच्या निरनिराळ्या पेशींत टोचले. जोमाने चालले ते भिंगाच्या पेशींत. जनुक परक्या प्राण्याचे, तरी उंदराच्या भिंगाने ते बिनतक्रार वाचले.

मग हे खास भिंगाचेच जनुक म्हणायचे? तेही नाही. चारच वर्षांनी अमेरिकेत ग्रेम विस्टो आणि जोराम पियाटिगोर्स्की यांनी दाखवले, की डेल्टा क्रिस्टलिन हे एका जुन्याच एन्झाइमचे रूप आहे. आपल्या यकृतात युरिया तयार करण्याच्या कामी राबते, तेच हे एन्झाइम.

मग भिंगाचे असे काय उरले? या जनुकाच्या पोटातच, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या जागी, एक छोटा तुकडा आहे. पॅक्स-६ आणि सॉक्स-२ ही प्रथिने त्यावर जोडीने बसली, की जनुक जागे होते. एकट्यादुकट्याने भागत नाही. आणि पॅक्स-६ स्वादुपिंडातही काम करते, सॉक्स-२ मेंदूच्या घडणीतही. भिंगाच्या मालकीचे यातले कोणीच नाही. त्याची स्वतःची आहे ती फक्त ही जुळणी.

याचा फटका दवाखान्यात बसतो. पॅक्स-६चे जनुक बिघडले, की मूल परितारिकेविना, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याविना जन्मू शकते. २०१३ साली नोंदल्या गेलेल्या एका रुग्णात मात्र या जनुकाचा मजकूर शाबूत होता. चुकले होते एकच अक्षर, तेही सुमारे दीड लाख अक्षरे दूर. जनुक भिंगात चालू ठेवणारा तुकडा तिथे होता. नुसता प्रथिनाचा मजकूर तपासणाऱ्या चाचणीने असा रुग्ण निर्दोष ठरवला असता.

तेव्हा जनुक सापडले, ही अर्धीच बातमी. ते कुठे, कधी आणि कोणाच्या जोडीने चालू होते, हे सांगता येत नसेल तर मथळ्याची घाई कशाला?