'घराण्यात नाही' हा दिलासा फसवा

स्तनात गाठ हाताला लागूनही बाई दवाखान्यात जात नाही, त्यामागे 'आमच्या घराण्यात कुणाला कॅन्सर नाही' हे वाक्य असते. हा दिलासा जीवघेणा आहे. आनुवंशिक दोषामुळे होणारे स्तनाचे कर्करोग जेमतेम ५ ते १० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे निम्म्या रुग्णांत बाईपण आणि चाळिशीपुढचे वय यांपलीकडे जोखमीचे कारणच सापडत नाही. लवकर आलेली पाळी, उशिरा झालेले मूल, पाळी गेल्यावर वाढलेले वजन, मद्य यांनी धोका वाढतो; स्तनपानाने तो घटतो. पण ही यादी पुढे करून आजारी बाईलाच जाब विचारणे हा अन्याय आहे. पाळी कधी यावी, हे तिच्या हातात होते काय?

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निव्वळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या महिलांतील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचे यंत्र लागले नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या १ टक्का भारतीय महिलांचीही स्तनतपासणी कधी झालेली नव्हती. तिशीपुढच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम कागदावर आहेच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी ठरलेला वार आणि शिकलेली परिचारिका हवी, आणि हे कधीपासून होणार त्याची तारीख राज्य सरकारने जाहीर करावी.